आधी बारसं, मग बाळ

मूल आधी जन्माला येतं आणि नाव मागाहून ठेवलं जातं, ही आपल्याकडची पद्धत ज्या गृहस्थानं पाडली तो मोठा शहाणा असला पाहिजे. गृहस्थ कसला, गृहिणीच असणार. बारा दिवस बाळाला 'सोन्या', 'ठमी', 'छकुली' वाटेल ते म्हणावं, त्याचं नाक आजोबांवर गेलंय की मामावर यावर दोन्ही घराण्यांनी खल करावा, आत्यानं चार-सहा नावं मनात घोळवावीत, आणि मग बाराव्या दिवशी पाळण्यात वाकून कानात 'कुर्रर्र' करावं. तोवर बाळाचं काही अडत नाही. ते बिननावानं दूध पितं, बिननावानं रडतं आणि बिननावानं दुपटी ओली करतं.

या बाबतीत आपलं सरकारसुद्धा समंजस आहे. १९६९ सालच्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात बिननावाच्या बाळाची नोंद करून घ्यायची आणि नाव मागाहून भरायची सोय आहे. ज्या कचेरीत साध्या दाखल्याला तीन प्रती आणि चौथ्या खिडकीवरचा शिक्का लागतो, तिथंही 'आधी नाव सांगा, मग जन्म घ्या' असं कुणी म्हणत नाही.

असं म्हणणारी एक वस्तू मात्र रोज माझ्यासमोर असते. तिला कोड एडिटर म्हणतात.

ज्यांचा या वस्तूशी संबंध आलेला नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगतो. संगणकाला हुकूम सोडायचे म्हणजे ते कुठंतरी लिहावे लागतात. ते लिहायची जी वही, तिचं नाव कोड एडिटर. फरक इतकाच की या वहीचं प्रत्येक पान सुटं असतं. त्या पानाला फाइल म्हणायचं, आणि पानं ठेवायच्या कप्प्याला फोल्डर. एखादा बऱ्यापैकी प्रोग्राम शेपाचशे पानांचा सहज होतो. त्यामुळं 'नवीन पान घेणे' ही क्रिया आमच्या धंद्यात पानवाल्यानं पानाला चुना लावण्याइतकी नेहमीची आहे. माझं पोट गेली पंचवीस वर्षं या वहीवर चालतं. लोक नाटकांची परीक्षणं लिहितात, मिसळीच्या रश्श्यावर दोन-दोन रकाने लिहितात. पण ज्या वस्तूपुढं माणूस दिवसाचे आठ-आठ तास बसतो तिच्यावर कुणी चार ओळी लिहीत नाही. ते काम आज मी करणार आहे. नावं ठेवण्यात मराठी माणूस कुणाला हार जात नाही, आणि इथं तर तक्रारच मुळी नावं ठेवायला लावतात याबद्दलची आहे.

आजकालच्या बहुतेक एडिटरांत नवी फाइल करायला दोन दरवाजे असतात. पुढच्या दारी हवालदार बसलेला असतो आणि मागच्या दारी कुणीच नसतं. कुठूनही आत जा, पस्तावा ठरलेला.

पुढचं दार पाहू. पडद्याच्या डाव्या अंगाला सगळ्या फायलींची यादी असते, वंशावळीसारखी. तिच्या डोक्यावर कोऱ्या कागदाचं एक इवलंसं चित्र. त्यावर टिचकी मारली की आपल्याला वाटतं, आता पान मिळणार. छे! टिकलीएवढी एक चौकट उघडते आणि तिच्यात कर्सर लुकलुकत राहतो. 'नाव सांगा.' नुसतं नाव सांगून भागत नाही, घराणंही सांगावं लागतं. म्हणजे नावापुढं टिंब देऊन 'पीवाय' किंवा 'जेएस' किंवा जे काय असेल ते. घराणं सांगायला विसरलात की एडिटर तुमच्या प्रोग्रामला साधा मजकूर समजतो. मग त्याला रंग नाहीत, चुका दाखवणं नाही, काही नाही. जानवसघराऐवजी ओसरीवर उतरवलेल्या पाहुण्यासारखी त्याची गत. नाव सुचेना म्हणून जरा दुसरीकडं टिचकी मारावी, तर चौकटच गडप होते. आणि एवढं करून पान कुठल्या कप्प्यात जाईल, तर मघाशी यादीत तुमचं बोट शेवटचं जिथं पडलं होतं तिथं! हिशेबाचं पान स्वयंपाकघरात आणि पाककृती तिजोरीत, असे प्रकार त्यामुळं होतात.

तुम्ही म्हणाल, नाव सांगायला असा काय त्रास पडतो? पडतो. माझा भाचा चार वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला लागला आणि हॉस्टेलवर राहायला गेला. पायथन नावाच्या भाषेत 'टर्टल' म्हणून एक झकास सोय आहे. पडद्यावर एक कासव सोडायचं, त्याला 'शंभर पावलं चाल, नव्वद अंश वळ' असं सांगायचं. ते चालतं आणि मागं रेघ उमटत जाते. 'लोगो' नावाच्या, मुलांना शिकवायच्या जुन्या भाषेकडून हे कासव वारसाहक्कानं आलेलं आहे. भाच्याच्या डोक्यात आलं की, आजी दारात काढते तसली ठिपक्यांची रांगोळी या कासवाकडून काढून घ्यायची आणि दिवाळीत घरी गेल्यावर आजीला दाखवायची. कल्पना उत्तम. किती ठिपके, किती ओळी, कुठं वळायचं, सगळं त्याच्या डोक्यात तयार. तो उत्साहानं एडिटरपुढं बसला. एडिटर म्हणाला, 'नाव?'

आता रांगोळी हा शब्द इंग्रजीत कसा लिहायचा? एक 'ए' की दोन? पहिलं अक्षर मोठं की लहान? शेवटी त्यानं सरळ विचार केला: कासवाचा प्रोग्राम आहे, 'टर्टल' नाव देऊन टाकू. टर्टल डॉट पीवाय. एडिटरनं निमूटपणे नाव लिहून घेतलं, पान दिलं.

प्रोग्राम लिहून झाला, पण चालेना. गंमत अशी की पायथनला 'टर्टल आण' म्हटलं की तो आधी शेजारीपाजारी शोधतो. त्याला या मुलाचीच फाइल सापडली, कारण नाव तेच. त्यानं खऱ्या कासवाऐवजी तिलाच आत घेतलं आणि वर तक्रार केली की, या टर्टलला चालता येत नाही. येणार कसं? बिचारा मुलगा दोन तास आपली एकेक ओळ तपासत बसला. ओळी सगळ्या बरोबर होत्या. रात्री साडेदहाला फोन आला. "मामा, मला हे जमायचं नाही बहुतेक. आईला सांगू नकोस एवढ्यात."

मी त्याला म्हटलं, "फायलीचं नाव बदल." त्यानं बदललं. कासवानं रांगोळी काढली.

मला या गोष्टीतलं काय खटकतं सांगू? ज्या चौकटीनं त्याला नावासाठी अडवलं, तिनंच त्याला चुकीचं नाव बिनबोभाट घेऊ दिलं. नाव रिकामं असलं तर ती हरकत घेते, त्या नावाची दुसरी फाइल शेजारी असली तर लालपिवळी होते. मग 'बाळा, हे नाव पायथनच्या घरातल्या माणसाचं आहे' एवढं सांगायला तिचं काय गेलं असतं? पायथनवाल्यांना हे सुचलं. २०२४ साली आलेल्या त्यांच्या ३.१३ या आवृत्तीत अशी चूक झाली की निरोपातच सुचवलेलं असतं: तुमच्या फायलीचं आणि आमच्या मॉड्यूलचं नाव एकच आहे, बदलून बघा. पण हा झाला लग्न लागल्यावर गोत्र विचारण्याचा प्रकार. विचारायचं ते नाव घेतानाच विचारायला नको का?

आता मागचं दार. कंट्रोल आणि एन ही दोन बटणं एकदम दाबली की तिथं लागलीच कोरं करकरीत पान मिळतं. कुणी काही विचारत नाही. पानाच्या डोक्यावर 'अनटायटल्ड-१' असं लिहिलेलं असतं, बस्स. 'नोटपॅड प्लस प्लस' नावाचा २००३ सालचा एक लोकप्रिय एडिटर आहे, तो 'न्यू १', 'न्यू २' म्हणतो. हे दार मला मनापासून आवडतं. डोक्यातला विचार उतू जायच्या आत भांड्यात घेता येतो.

पण या दाराची गोम निराळी. तुम्ही कुठल्या कामात होतात, कुठल्या कप्प्यात बसला होतात, सभोवती कुठल्या भाषेतली पानं होती, याचा इथं एडिटरला विसर पडतो. दोन मिनिटांपूर्वी ज्याच्याशी आपण तासभर बोलत होतो, त्यानं 'आपण कोण?' असं विचारावं, तसं होतं. आणि विचारतो तरी केव्हा? साडेसहाची बस गाठायला म्हणून तुम्ही आवराआवर करता तेव्हा! 'नाव काय? कुठं ठेवू? टाकून देऊ?' अशा वेळी माणूस बसच्या भीतीनं जे नाव देतो, त्यावरून पुढं फायली शोधायच्या असतात. 'अ', 'अअ', 'टेस्ट', 'टेस्ट-नवीन', 'टेस्ट-नवीन-खरं' ही नावं कुणाच्या कुंडलीत बसतात सांगा बरं.

या छळावर उपाय म्हणून अलीकडच्या एडिटरांनी न जपलेली पानंही आपणहून लक्षात ठेवायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोडमध्ये ही सोय २०१६ साली आली. एडिटर बंद करा, दुसऱ्या दिवशी उघडा, कालचं बिननावाचं पान जागच्या जागी. सोय चांगली, पण आता अनाथांची संख्या भलतीच वाढली. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची पानं 'न्यू ४७'पर्यंत पोचली आहेत. त्यांत अर्धवट प्रोग्राम आहेत, गॅसवाल्याचा फोन आहे आणि एकात नुसतं 'साखर २ किलो' आहे. कुठलंच बंद करायचा त्यांना धीर होत नाही. न जाणो, त्यातलं एखादं पुढं नाव काढायचं!

जुन्या लोकांची तऱ्हा वेगळी होती. युनिक्सच्या अगदी आरंभी केन थॉम्पसन यांनी 'एड' नावाचा एडिटर लिहिला. तो चूक झाल्यावर फक्त एक प्रश्नचिन्ह छापायचा. सदाशिव पेठेतला दुकानदारसुद्धा याहून अधिक बोलतो. पुढं १९७६ साली बर्कलीला बिल जॉय यांनी 'व्हीआय' लिहिला आणि त्याच वर्षी एमआयटीत 'ईमॅक्स' निघाला. या दोन्ही पंथांचे भक्त आजही एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. पण नव्या फायलीच्या बाबतीत दोघांची युक्ती एकच, आणि ती फार सुंदर आहे. असलेली फाइल उघडायचा आणि नसलेली करायचा हुकूम एकच! नाव सांगा, फाइल असली तर उघडतील, नसली तर कोरं पान पुढं करतील आणि खाली हळूच 'नवी फाइल' एवढं लिहितील. तुम्ही 'जप' म्हणेपर्यंत तबकडीवर काहीही उमटत नाही. बेत रहित झाला तर मागं रिकाम्या फायलीचं भूत राहत नाही.

नाव मात्र इथंही आधीच. आणि जो कप्पाच अस्तित्वात नाही त्यातली फाइल मागितली, तर व्हीआयचा वारस 'विम' ती बिनदिक्कत लिहू देतो. सांगितलंच तर पडद्याच्या तळाशी पुटपुटल्यासारखं. तासाभरानं जपायला जावं तर म्हणतो, 'ही फाइल लिहिण्यासाठी उघडता येत नाही.' ईमॅक्स निदान जपताना विचारतो, 'हा कप्पा नाही, करू का?' एका होकाराचं काम. व्हीएस कोडची ती टिकलीएवढी चौकटही इथं शहाणी आहे: नावात तिरकी रेघ दिली की कप्पा आणि फाइल दोन्ही एका दमात करून देते.

युनिक्सवाल्यांची आणखी एक चाल सांगितल्यावाचून राहवत नाही. तिथं 'टच' म्हणून एक हुकूम आहे. त्याचं खरं काम फायलीला नुसता हात लावून तिच्यावरची वेळ बदलायची. पण त्या नावाची फाइल नसलीच, तर टच ती निर्माण करतो. रामाच्या चरणस्पर्शानं शिळेची अहल्या झाली. इथं शिळाही लागत नाही. हजारो लोक आज नवी फाइल करायला हाच हुकूम वापरतात. मुख्य दारं इतकी अडचणीची असली, की लोक खिडकीतून ये-जा करू लागतात, त्यातलीच ही गोष्ट.

दुसऱ्या टोकाला बडी प्रस्थं आहेत. जावा भाषेसाठी २००१ साली निघालेला 'इक्लिप्स' घ्या. त्यात नवा क्लास करायचा म्हणजे रीतसर फॉर्म पुढं येतो: कुठल्या पॅकेजात, नाव काय, वडील कोण, कुठले करार पाळणार, अमुक आयतं लिहून देऊ का. सगळं भरलं की पान मिळतं, तेही निम्मं भरलेलं. त्यात 'आपोआप तयार झालेला सांगाडा, इथं काम करायचंय' अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ असायची. ती पुसायची असते हे पुष्कळांना कधी कळलंच नाही. मोठमोठ्या प्रोग्रामांत ती ओळ वर्षानुवर्षं जशीच्या तशी नांदते आहे, लग्नपत्रिकेतल्या 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'सारखी. छापणारा वाचत नाही, वाचणाराही वाचत नाही.

आयता मजकूर असावा तर आपल्या नव्या वहीवरच्या 'श्री'सारखा. एकच अक्षर. जागा अडवत नाही, पुसावं लागत नाही, आणि कोऱ्या पानाची भीती मोडून हात चालू करतं. आयत्या मजकुराचं खरं काम तेवढंच.

आता तुम्हाला वाटेल, हा माणूस स्वप्नातलं काहीतरी मागतोय. तसं नाही. १९८३ साली ॲपल कंपनीनं 'लिसा' नावाचा संगणक काढला होता. त्यात कोऱ्या कागदांचे गठ्ठे पडद्यावर असत. गठ्ठ्यावर दोनदा टिचकी मारली की एक कागद फाटून हातात यायचा. लिहा! आणि संगणक बंद करायचं बटण दाबलं की तो सगळं आपणहून जपून, आवरून मग झोपी जायचा. पुन्हा चालू केला की टेबल पूर्वीसारखं मांडून द्यायचा. मात्र त्याची किंमत होती ९,९९५ डॉलर. साहजिकच गिऱ्हाईक कागद फाडायच्या आत पाकीट फाटलं, आणि १९८५ साली हे प्रकरण संपलं. १९८४च्या स्वस्त मॅकिंटॉशबरोबर 'न्यू' आणि 'अनटायटल्ड' ही जोडगोळी घरोघर गेली. लिसाचं बाकी पुष्कळसं पुढच्यांनी उचललं. हा कागदांचा गठ्ठा मात्र फारसा रुजला नाही.

न्यायासनावर बसलो आहे तर प्रतिपक्षाचंही ऐकलं पाहिजे. प्रोग्राममध्ये नाव म्हणजे नुसती शोभा नव्हे. जावामध्ये सर्वांसाठी खुला ठेवलेला क्लास आणि त्याची फाइल यांचं नाव एकच असावं लागतं. पुष्कळ भाषांत एक पान दुसऱ्या पानाला नावानंच हाक मारतं. नाव टिकाऊ हवं, विचारपूर्वक हवं, हे मला शंभर टक्के मान्य. पण म्हणूनच तर ते घाईत मागू नये! बाळाचा चेहरा बघितल्यावर नाव बरं सुचतं. प्रोग्राम काय करतो हे तो लिहून झाल्यावर जितकं कळतं, तितकं लिहायच्या आधी कुणालाच कळत नाही.

तर माझं मागणं असं. दोन दारांचं एकच दार करा. बटण दाबलं की पान ताबडतोब मिळावं. मी ज्या फायलीत होतो तिच्याच कप्प्यात ते आहे असं धरावं आणि तसं वर लिहून दाखवावं. नको असेल तर मी बदलीन. शेजारची सगळी पानं पायथनची असतील, तर हेही पायथनचंच समजावं. वर नावाची जागा कोरी असावी. ज्याला आधी बारसं करायचं त्यानं आधी करावं, ज्याला बाराव्या दिवशी त्यानं तेव्हा. पहिल्या अक्षरापासून पान जपलं जावं. नाव दिलं की ते कुणाशी टक्कर घेतं का, ते तिथल्या तिथं सांगावं. आत क्लास लिहिला असेल तर त्याचंच नाव आत्यानं सुचवावं तसं सुचवावं. आणि महिन्या-दीड महिन्यानं एखाद्या निवांत वेळी, बस गाठायच्या वेळी नव्हे, हळूच विचारावं, 'या सात अनाथांचं काय करायचं?'

यातलं पुष्कळसं सुट्या सुट्या तुकड्यांत आलेलंही आहे. २०२१पासून व्हीएस कोड बिननावाच्या पानातला मजकूर वाचून त्याची भाषा ओळखायचा प्रयत्न करतो. पानाच्या डोक्यावर त्याची पहिली ओळ दाखवतो. म्हणजे विटा आल्या आहेत, चुनाही आला आहे. गवंड्यानं मनावर घ्यायचं तेवढं उरलं आहे.

हे सगळं पाच सेकंदांसाठी, असं कुणी म्हणेल. मी मघाशी सांगितलेला फोन ऐकलेला आहे, म्हणून मी तसं म्हणणार नाही. जुना जाणता माणूस पाच सेकंदांची अडचण शिव्या देऊन ओलांडतो. नवा मुलगा ती अडचण आपलीच आहे असं समजतो. कोऱ्या पानापुढची पहिली पाच मिनिटं फार नाजूक असतात. त्या वेळी कुणी 'बस, लिही' म्हणालं तर माणूस लिहायला लागतो आणि 'नाव, गाव, घराणं?' असं विचारलं तर उभ्याउभ्या परत जातो.

अशा परत गेलेल्या माणसांच्या खुणा संगणकात जागोजाग सापडतात. नाव सुरेख, घराणं बरोबर, पत्ता बिनचूक. आणि फायलीचं वजन शून्य बाइट.